नेकबँड 'कनेक्टेड' दाखवतो, पण फोन उचलला की आवाज गायब

साखरांबा

मंडळी, तांत्रिक मदत हवी आहे. माझ्याकडे गळ्यात घालायचा वायरलेस नेकबँड आहे, मागच्या वर्षी घेतलेला. फोन अँड्रॉइड. दोन त्रास आहेत.

पहिला: गाणी झकास वाजतात. फोन आला की नेकबँडमध्ये रिंगही ऐकू येते. पण फोन उचलला की कानात चिडीचूप. समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. हे रोज होत नाही, हीच तर पंचाईत. घरी बहुतेक वेळा नीट चालतं, बाहेर पडले की रुसतं.

दुसरा: डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलं की गाणंसुद्धा तुटक तुटक येतं. तोच फोन, तोच नेकबँड, घरात दुसऱ्या खोलीत गेलं तरी आवाज अखंड.

दुकानदार म्हणतो, "मॅडम, तुमचं ब्लूटूथचं वर्जन जुनं, ५.३ वाला घ्या." घ्यायला हरकत नाही, पण नवा घेऊनही हेच व्हायचं असेल तर पैसे का घालवू? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा.

खडूस_काका

वायरचा घ्या. २०० रुपयांत मिळतो. चार्ज करायला नको, जोडायला नको, रुसत नाही. धागा संपला.

अळूवडी

काका, हल्लीच्या फोनला वायर खुपसायला भोक तरी असतं का? 😀

खडूस_काका

टाइप-सीचा मिळतो. शोधणाऱ्याला सगळं मिळतं.

अळूवडी

आणि मग फोन चार्जिंगला लावून बोलायचं कसं? एकच भोक, दोन उमेदवार.

भुईनळा

साखरांबा, आधी सगळ्यात सोपं ते करून बघा. जोडणी नुसती बंद-चालू करून भागत नाही, मुळापासून काढावी लागते. फोनच्या ब्लूटूथ यादीत नेकबँडच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा आणि 'फर्गेट' करा. पण हे अर्धंच काम झालं. नेकबँडलाही फोनची ओळख विसरायला लावायची. बऱ्याच मॉडेलांत तो बंद असताना मधलं बटण दाबून धरलं की लाल-निळा दिवा आलटून पालटून लुकलुकतो, तो झाला पेअरिंग मोड. काहींत आवाज वाढवायचं आणि कमी करायचं बटण एकत्र दाबून धरलं की आतली सगळी यादी पुसली जाते. तुमच्या मॉडेलचं कागदावर बघा.

एकाच बाजूने विसरलं तर फोनकडे एक किल्ली आणि नेकबँडकडे दुसरीच, असं होऊन बसतं. मग 'कनेक्टेड' दिसतं, लगेच तुटतं, पुन्हा दिसतं.

तारायंत्र

भुईनळा यांच्याशी सहमत, पण साखरांबा यांचं लक्षण वेगळं वाटतंय. गाणी वाजतात म्हणजे जोडणी शाबूत आहे.

गाणी आणि कॉल या ब्लूटूथच्या दृष्टीने दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. गाण्यांच्या वाटेला एटूडीपी म्हणतात, कॉलच्या वाटेला एचएफपी. एक चालू आणि दुसरी बंद असं सर्रास होतं, आणि वर यादीत 'कनेक्टेड'च लिहिलेलं राहतं. त्याच गिअरच्या चिन्हात शिरलं की 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन बटणं दिसतील. 'फोन कॉल' बंद झालंय का ते बघा.

ते चालू असेल तर पुढची पायरी. कॉल चालू असताना पडद्यावरच्या स्पीकरच्या चिन्हाला हात लावा. आवाज कुठे कुठे पाठवता येईल त्याची यादी उघडते. त्यात कोणाच्या नावापुढे टिक आहे ते इथे सांगा. अंदाजाने औषध देण्यापेक्षा ते बरं.

साखरांबा

धन्यवाद सगळ्यांना. दोन्ही बाजूंनी विसरून पुन्हा जोडलं. 'फोन कॉल' चालूच होतं. आता त्रास झाला की यादी बघते आणि कळवते.

गुळपोळी

आवाज भलतीकडे जाण्यावरून आमच्याकडचा किस्सा सांगते.

आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली स्टिल्ट पार्किंग, आमची गाडी बरोबर बेडरूमच्या खाली. माझा फोन गाडीच्या स्टिरिओला जोडलेला. एकदा मी कानात हेडसेट घालून बहिणीशी बोलत होते. विषय: सासूबाईंनी माझ्या अळूच्या फतफत्याला काय नावं ठेवली. तेवढ्यात हे सासूबाईंना देवळात न्यायला खाली गेले आणि त्यांनी गाडी सुरू केली. माझा कान एकदम शांत. मी इकडे "हॅलो, ऐकू येतंय का" करतेय, आणि खाली गाडीच्या चार स्पीकरांतून माझी बहीण सांगतेय, "अगं, तू मनावर नको घेऊस, त्यांना काही कळतच नाही स्वयंपाकातलं."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी मला विचारायच्या, "आज काय करू? मला काही कळत नाही, तूच सांग."

अळूवडी

ठ्ठो!!! माझ्याच आयडीशी संबंधित विषयावर भांडणं? निषेध.

खडूस_काका

वायर असती तर हे घडलं नसतं. वायर पहिल्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत पोचत नाही.

रातकिडा

गुळपोळी, यावर उपाय आहे. फोनमध्ये गाडीच्या नावापुढचं 'फोन कॉल' बंद करा, गाणी तेवढी चालू ठेवा. किंवा स्टिरिओच्या यादीतून तुमचा फोनच काढून टाका, यजमानांचा राहू द्या. सासूबाईंसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही.

मोबाईलगल्ली

मी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. दुकानदार चोर असतात असा सूर दिसतोय, तर ऐका. हजार-बाराशेच्या नेकबँडची बॅटरी दोनेक वर्षांत उतरतेच. आतली सेल करंगळीच्या पेराएवढी. ती बदलून द्यायला कारागीर मागेल चारशे, वर पुन्हा घाम आणि पाणी आत शिरणार. बॅटरी उतरली की पहिला फटका कॉललाच बसतो, कारण माईक आणि स्पीकर दोन्ही एकदम चालतात. त्यामुळे नवा घ्या म्हणणारा प्रत्येक जण लुबाडतोच असं नाही.

तारायंत्र

मोबाईलगल्ली, बॅटरीचं तुमचं बरोबर. पण '५.३ घ्या म्हणजे तुटणार नाही' हे पटत नाही. ब्लूटूथ ५ आलं तेव्हा चौपट पल्ला आणि दुप्पट वेग असं सांगितलं गेलं, ते कमी वीज खाणाऱ्या 'लो एनर्जी' भागाबद्दल होतं. आपले नेकबँड गाणी आणि कॉल अजून बहुतांशी जुन्या 'क्लासिक' भागावरून पाठवतात. शिवाय नवा हेडसेट जुन्या फोनला जोडला की दोघंही जुन्याच भाषेत बोलतात. एलई ऑडिओ नावाचा नवा प्रकार २०२० मध्ये जाहीर झाला, एलसी३ कोडेक (म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवायची रीत) वगैरे, तो खरोखर वेगळा आहे. पण तो फोन आणि हेडसेट दोघांतही असावा लागतो. खोक्यावर ५.३ छापलं म्हणजे तो असेलच असं नाही.

मोबाईलगल्ली

गिऱ्हाईक खोक्यावरचा आकडाच विचारतं साहेब. आम्ही एलसी३ सांगायला गेलो तर ते शेजारच्या दुकानात जातं.

तारायंत्र

हे मात्र मान्य 🙂

आता डोंबिवलीचा फलाट. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्याच पट्ट्यात वायफाय, बिनतारी माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे. क्लासिक ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ कप्पे करतं आणि सेकंदाला १६०० उड्या मारत कप्पे बदलत राहतं. ज्या कप्प्यात गोंगाट आहे तो वगळून उडी मारायची अक्कल त्याला २००३ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. पण सकाळी आठच्या फलाटावर प्रत्येकाच्या कानात काहीतरी, शेकडो फोन, कोणाचा हॉटस्पॉट चालू, स्टेशनचं वायफाय. वगळून वगळून वगळणार किती?

तरी गर्दी हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण आपण स्वतः. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी या लहरी गिळतं. फोन डाव्या खिशात आणि नेकबँडचा अँटेना उजव्या बाजूच्या डबीत असेल, तर लहरींना सगळं धड ओलांडायचं असतं. घरात हे जाणवत नाही, कारण भिंती आणि छत यांच्यावर आपटून लहरी वळसा घालून पोचतात. उघड्यावर आपटायला काही नसतं. म्हणून घरात दुसऱ्या खोलीतूनही अखंड, आणि मोकळ्या मैदानात खिशातून कानापर्यंत तुटक. मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांना विचारा.

उपाय फुकट आहे. नेकबँडवर बटणं ज्या बाजूला आहेत, साधारण त्याच बाजूला सर्किट असतं. फोन त्याच बाजूला ठेवा. पर्सच्या तळाशी, डब्याखाली, पाण्याच्या बाटलीला टेकून तर मुळीच नको.

नदीकाठ

+१. पळायला जाते तेव्हा हा अनुभव रोजचा. फोन दंडाला बांधायचा पट्टा डाव्याचा उजव्या दंडावर घेतला आणि तुटणं थांबलं. मला वाटायचं उजवा दंड लकी आहे.

रातकिडा

अवांतर, पण लॅपटॉपवाल्यांसाठी. गाणं ऐकताना मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो ना? हेडसेट बिघडलेला नाही. माईक लागला की तो गाण्यांची वाट सोडून कॉलच्या वाटेवर येतो, आणि जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांवर येतो, बरा असेल तर १६०००. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, ऐकायला हेडसेट ठेवा. आवाज पुन्हा खुलतो.

स्टुटगार्टकर

आमच्याकडे होम ऑफिसमध्ये निराळीच गंमत. बाहेरची हार्ड डिस्क लावली की हेडसेट कुरकुरायचा, काढली की गप्प. नंतर वाचलं की यूएसबी ३ च्या तारा आणि पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. हार्ड डिस्क लांब वायरने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली, मिटलं.

खडूस_काका

थोडक्यात, बिनतारी हेडसेट चालावा म्हणून हार्ड डिस्कला लांब तार लावली.

स्टुटगार्टकर

काका 🙏

पाटावरवंटा

एवढं पुराण कशाला? सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क रीसेट मारा. माझे सगळे ब्लूटूथचे त्रास त्यानेच गेले.

भुईनळा

पाटावरवंटा, हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. त्याने घरातलं, ऑफिसातलं, सासरचं सगळं वायफाय विसरलं जातं. आणि काही फोनमध्ये त्याच पडद्यावर ई-सिम पुसायचाही पर्याय असतो. घाईत त्याला टिक लागली तर सिम कंपनीच्या दारात उभं राहायची वेळ. त्याआधी ॲपच्या यादीत सिस्टिमची ॲपं दाखवायला सांगून ब्लूटूथचं कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) पुसा, फोन बंद करून चालू करा. निम्मे त्रास तिथेच जातात.

पाटावरवंटा

माझं वायफाय एकच आहे आणि सासर त्याच गल्लीत. मला चालतं.

साखरांबा

तारायंत्र, सापडलं बहुतेक! आज ऑफिसात फोन आला, तेच, कान शांत. तुम्ही सांगितलं तसं स्पीकरच्या चिन्हाला हात लावला. यादीत तीन नावं: फोन, माझा नेकबँड, आणि तिसरं काहीतरी अगम्य. दोन इंग्रजी अक्षरं, चार आकडे आणि शेवटी 'कॉल'. टिक त्या तिसऱ्याला. हा कोण? कोणी माझा फोन हॅक केलाय का? बोट लावून नेकबँड निवडला तर लगेच आवाज आला.

अळूवडी

शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी तुमच्या गप्पा ऐकतोय. अळूचा विषय नको.

नदीकाठ

साखरांबा, तुमच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ आहे का? कॉलिंगवालं?

साखरांबा

आहे! भावाने भाऊबीजेला दिलेलं. पण त्यावरून मी कधी बोलत नाही, पावलं मोजायला वापरते.

नदीकाठ

मग हाच चोर. या स्वस्त कॉलिंग घड्याळांची फोनशी दोन ठिकाणी सोयरीक असते. एक त्यांच्या ॲपमधून, पावलं आणि सूचना यांसाठी. दुसरी ब्लूटूथच्या यादीत वेगळ्या नावाने, कॉलसाठी. फोनला ते घड्याळ म्हणजे अजून एक हेडसेटच वाटतो. तुम्ही घड्याळ कधी घालता?

साखरांबा

बाहेर जाताना. घरी आले की काढून बंद करून ठेवते. अच्छा!! म्हणून घरी नीट आणि बाहेर बिघडतं? पण मग घड्याळातून आवाज यायला हवा होता ना?

नदीकाठ

घड्याळाचा आवाज किती ठेवलाय?

साखरांबा

शून्य. ऑफिसात टिंगटिंग नको म्हणून 🤦‍♀️

रातकिडा

म्हणजे इतके दिवस लोक तुमच्या मनगटात हॅलो हॅलो करत होते.

तारायंत्र

नदीकाठ, शाब्बास. मी वाटांचं पुराण सांगत बसलो आणि तुम्ही थेट मनगट धरलं.

साखरांबा, कॉलचा आवाज फोन एका वेळी एकाच यंत्राकडे पाठवतो. दोन दावेदार असले की पुष्कळदा शेवटी जोडलेला बाजी मारतो. नेकबँड आधी चालू केला आणि मग घड्याळ, तर घड्याळ. उलट केलं तर नेकबँड. म्हणून रोज होत नव्हतं. यादीतल्या त्या 'कॉल'वाल्या नावापुढचं 'फोन कॉल' बंद करा, किंवा ते नावच विसरायला लावा. पावलांची जोडणी वेगळी आहे, ती तुटणार नाही. त्यांच्या ॲपमध्ये कॉलिंग चालू करायचं बटण असेल तर तेही बंद करा, नाहीतर ॲप मागल्या दाराने ते नाव पुन्हा जोडतं.

साखरांबा

केलं. ऑफिसातून दोन फोन केले, एक आईला, एक भावाला. दोन्ही नेकबँडमध्ये. भावाला सांगितलं तुझ्या घड्याळाने छळलं, तर म्हणतो "फुकटच्या घड्याळाला नावं ठेवू नकोस."

मोबाईलगल्ली

नेकबँडचं गिऱ्हाईक गेलं. चालायचंच.

गुळपोळी

फलाटाचं काय झालं पण? मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिलाच.

साखरांबा

फोन आता पर्समध्ये टाकत नाही, उजव्या खिशात ठेवते. म्हणजे ज्या कुर्त्याला खिसा आहे त्या दिवशी. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर वेगळा धागा काढायला हवा. फरक आहे. डोंबिवलीला बरंच सुधारलं, डब्यात दादरला गर्दी आत शिरली की अजून दोन-चार वेळा खरखरतं. कॉलमध्ये जास्त, गाण्यात कमी. ते का?

तारायंत्र

गाण्यात हेडसेट थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो. मधला तुकडा हरवला तर पुन्हा मागवायला वेळ मिळतो. कॉलमध्ये साठवत बसलं तर समोरचा बोलला ते तुम्हाला उशिरा ऐकू येईल, म्हणून तिथे साठा जवळपास नसतोच. तुकडा गेला की खर्र. दादरच्या गर्दीत एवढं चालायचंच. तिथे महत्त्वाचा फोन असेल तर सरळ फोन कानाला लावा.

खडूस_काका

किंवा वायर.

पेन्शनर_सांगली

चर्चा वाचली. माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. मुलाने श्रवणयंत्रं घेऊन दिली, ब्लूटूथवाली. दुकानात जोडून दिली होती तेव्हा फोन थेट कानात यायचा. आता फोन बदलला, तर ब्लूटूथच्या यादीत कधी दिसतात कधी नाही. दिसली तरी एकच, उजवं. मुलगा पुण्यात, दर वेळी त्याला बोलावणं बरं दिसत नाही.

भुईनळा

काका, श्रवणयंत्रांची तऱ्हा थोडी वेगळी असते. नवीन फोन कोणता, अँड्रॉइड की आयफोन? आयफोन असेल तर ती नेहमीच्या ब्लूटूथच्या पानावरून न जोडता सेटिंग, मग ॲक्सेसिबिलिटी, मग 'हिअरिंग डिव्हाइसेस' इथून जोडायची. बहुतेक यंत्रं बंद करून चालू केल्यावर मोजकी मिनिटंच जोडायला तयार असतात, नंतर दडून बसतात. म्हणून 'कधी दिसतात कधी नाही'.

पेन्शनर_सांगली

अँड्रॉइड आहे. यंत्रं चार्जिंगच्या डबीतली आहेत.

भुईनळा

मग असं करा. जुना फोन घरात असेल तर आधी त्याचं ब्लूटूथ बंद करा. तो कपाटातूनसुद्धा यंत्रं पकडून ठेवतो, आणि उजवं-डावं अशी फाटाफूट बऱ्याचदा त्यामुळेच होते. मग दोन्ही यंत्रं डबीत ठेवा, थोडं थांबा, दोन्ही एकदम बाहेर काढा आणि लगेच नवीन फोनवर कंपनीच्या ॲपमधून शोधा. ॲपने 'जवळची उपकरणं' किंवा लोकेशनची परवानगी मागितली तर द्या, त्याशिवाय त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही. एक जोडलं की दुसरं आपोआप विचारतं, तिथे 'हो' म्हणा. आणि अँड्रॉइडच्या सगळ्याच फोनांत थेट कानात आवाज पाठवायची सोय नसते. यंत्राच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या फोनांची यादी असते, तुमचं मॉडेल त्यात आहे का ते बघून घ्या.

पेन्शनर_सांगली

जुना फोन सौभाग्यवती वापरतात, भजनं ऐकायला. ब्लूटूथ बंद करायला सांगितलं तर विचारतील का म्हणून. दुपारी त्या झोपल्या की करून बघतो.

गुळपोळी

काका, आधी जरा आठवून बघा, भजनं मध्येच तुमच्या कानात येत होती का? 😄

पेन्शनर_सांगली

येत होती. मला वाटलं शेजारच्या देवळातून येतायत.